गावच्या घरची डिश काढायची का? आधी वायर कुठून येते ते बघा

तुमचा प्रश्न वाचला. आईबाबा गुहागर तालुक्यात गावी, घरावर जुनी डिश, महिन्याला पाचशेच्या आसपास रिचार्ज, आणि तुम्ही मुंबईत बसून ठरवताय की डिश काढायची, मोठा स्मार्ट टीव्ही घ्यायचा, सगळं नेटवर बघायचं, आणि नेट नीट नाहीच मिळालं तर स्टारलिंक (उपग्रहावरून येणारं नेट) येईपर्यंत थांबायचं. मी दापोलीकडे राहतो, घरी डिश आणि फायबर दोन्ही आहे आणि वाडीतल्या बऱ्याच घरांत ही कामं करून दिलीत, म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं सांगतो, डिश एवढ्यात काढू नका. नेट जरूर घ्या, पण निदान एक अख्खा पावसाळा दोन्ही चालू ठेवा.

"आता सगळं एकाच ॲपवर आलंय" असं तुम्ही लिहिलंय ते अर्धंच खरंय. रिलायन्स आणि डिस्नेचा इथला धंदा नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाला, मग १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार आलं, त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छताखाली आले हे बरोबर. पण झी आणि सोनीचं जे लग्न ठरलेलं ते जानेवारी २०२४ मध्ये मोडलं, म्हणून झी मराठी बघायचं तर झी५, सोनी मराठी बघायचं तर सोनीलिव्ह. म्हणजे आईला संध्याकाळी सातपासून दहापर्यंत जे बघायचंय त्यासाठी तीन ॲप, तीन पासवर्ड, आणि तीन वेळा पैसे. क्रिकेटचंही तेच, २०२३ आणि २०२४ ची आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवली तेव्हा लोकांना वाटलं आता हे कायमचंच असंच, पण २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे भारतातले नुसते डिजिटल हक्क २०,५०० कोटींना आणि टीव्हीचे २३,५७५ कोटींना गेलेत, एवढा पैसा ओतल्यावर तो कुठून तरी वसूल होणारच, आणि २०२५ पासून पूर्ण मॅच बघायला पॅक नाहीतर ठरावीक रिचार्ज लागायला लागलाच.

दुसरी गोष्ट मुंबईत बसून लक्षात येत नाही. वडीलधाऱ्या माणसांना चॅनल नंबराने पाठ असतात. रिमोट हातात घेतला, तीन-चार आकडे दाबले, सिरीयल लागली. स्मार्ट टीव्हीच्या बऱ्याच रिमोटला आकडेच नसतात. आणि ॲप अधूनमधून आपोआप लॉगआऊट होतं तेव्हा ओटीपी जातो तुमच्या फोनवर, तुम्ही असता विरार लोकलमध्ये लटकलेले, इकडे आई टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेली आणि सिरीयल संपून जाते. हे मी खूप घरांत बघितलंय आणि मग ती माणसं टीव्ही लावायचंच सोडून देतात. म्हणून लॉगिन बाबांच्याच नंबरवर करा, आणि रिचार्जसोबत जे ओटीटी (म्हणजे ही सिरीयल-सिनेमाची ॲप) मिळतं ते फक्त मोबाईलवर चालणारं आहे की टीव्हीवर पण चालतं हे आधी बघून घ्या, बरेच स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा. कोकणात नेटची रड प्लॅनची कमी आणि वायरीची नि लाईटची जास्त असते. तुमच्या गावात फायबर आलीय का, आली असेल तर ती कुठल्या रस्त्याने आलीय, हे गावच्या केबलवाल्याला फोन करून विचारा. लाईटच्या पोलांवरून आंब्या-फणसाच्या झाडातून लोंबकळत आली असेल तर मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात फांदी पडून तुटणार हे धरून चाला, मग बघायचं एवढंच की तो माणूस तालुक्याहून जोडायला किती दिवसांत येतो. गावातलाच पोरगा असेल आणि त्याच्याकडे फायबर जोडायचं मशीन असेल तर डोळे झाकून घ्या, स्पीड थोडा कमी असला तरी चालेल, कारण फुल एचडी बघायला ५ एमबीपीएस पुरतं, १०० चं कनेक्शन महिन्यातून आठ दिवस बंद असेल तर त्याचा काय उपयोग?

आणि राउटरला छोटा यूपीएस लावाच, १२ व्होल्टचा मिळतो, राउटर दोन-तीन तास आरामात चालतो. पण त्याचबरोबर केबलवाल्याच्या कंट्रोल रूमला इन्व्हर्टर आहे का तेही विचारा. घरी यूपीएस आहे आणि तिकडेच लाईट नाही, तरी फायबरच्या डब्यावर एलओएसची (सिग्नल येत नसल्याची) लाल लाईट पेटते, आणि नेट नसतं. लाल लाईट पेटली तर वायर तुटलीय, दुमडलीय किंवा तिकडची लाईट गेलीय, एवढं बाबांना सांगून ठेवा, अर्धे फोन वाचतील. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आलं की, वीज कडाडायच्या आधीच, टीव्ही, राउटर, सेट टॉप बॉक्स सगळ्यांचे प्लग काढायचे आणि डिशची वायर बॉक्समधून सोडवायची. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण डिशची वायर तांब्याची आहे आणि अडाप्टर तर थेट लाईनवरच असतो.

फायबर नसेल तर एअरफायबर. ते ५जी टॉवरवरून येतं, म्हणजे टॉवर दिसायला हवा. आपल्याकडे टॉवर असतो सड्यावर (वरच्या पठारावर) आणि घर असतं खाली घळीत, आगरात, माडांच्या आत, त्यामुळे कंपनीच्या साईटवर पिनकोड टाकला की "उपलब्ध" येतं आणि माणूस बसवायला आला की "सर सिग्नल नाही" म्हणून परत जातो. गणपतीला घरी जाल तेव्हा ५जी फोन घेऊन गच्चीवर किंवा खळ्यात उभे राहा, संध्याकाळी आठ ते दहाच्या मधे स्पीड बघा. मुद्दाम गणपतीतच बघा, सगळे चाकरमानी आलेले असतात, टॉवरवर सगळ्यात जास्त लोड तेव्हाच असतो, तेव्हा टिकलं तर वर्षभर टिकेल. आणि घरात बसून बघू नका, जाड चिऱ्याच्या भिंतीत सिग्नल मरतो, एअरफायबरचा बाहेरचा डबा छपरावर लागणार आहे तर टेस्ट पण तिथेच.

स्टारलिंकसाठी थांबू नका. मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनी स्टारलिंकवाल्या स्पेसएक्सशी करार केले, जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचं लायसन्स आलं, नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्य सरकारनेही त्यांच्याबरोबर इरादापत्र केलं, पण त्यात नावं घेतली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांची, आणि ते सरकारी संस्था, दुर्गम गावं यांच्यासाठी. शिवाय तंत्राचा भाग म्हणून सांगतो, त्यांचे उपग्रह साधारण ५००-५५० किलोमीटरवरून फिरतात म्हणून नेट झटपट चालतं हे खरंय, पण त्या अँटेनाला मोकळं आभाळ लागतं, चारी बाजूंनी माड असलेल्या घरात दर थोड्या वेळाने कुठली तरी झावळ आडवी येणार. आणि घरातल्या अँटेनाशी ते बोलतात ते पण डिशसारखंच केयू बँडवर (पावसात अडखळणाऱ्या सिग्नलच्या पट्ट्यावर), म्हणजे जुलैतल्या धो धो पावसात त्याला पण त्रास होणारच.

केयू बँडवरून आठवलं, तुम्ही म्हणताय "पावसात डिश बंद पडते म्हणून काढायची". बंद कधी पडते ते बाबांना विचारा. ढगफुटीसारखा कोसळला आणि दहा-पंधरा मिनिटं गेली, मग आपोआप आली, तर ते कोकणात होणारच, पावसाचे थेंब तो सिग्नल खातात. पण नुसत्या रिपरिपीतही जात असेल किंवा पाऊस थांबल्यावर तासभर येत नसेल, तर दोष पावसाचा नाही, एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणारा छोटा डबा असतो त्याच्या) कनेक्टरचा आहे. खाऱ्या हवेत त्याला दोन-तीन वर्षांत काय होतं ते जवळून बघा: पिन हिरवी पडते, आतल्या जाळीवर पांढरी भुकटी जमते, वायरीचं काळं साल तडकून पाणी आत उतरतं. कनेक्टर कापून नवीन लावायचा, त्यावर रबराची चिकटपट्टी गच्च गुंडाळायची, आणि वायर एलएनबीखाली जरा लोंबती ठेवून मग वर न्यायची म्हणजे पाणी तिथेच टपकतं, वायरीवरून आत जात नाही. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. आणि आग्नेयेकडे माड वाढलाय का बघा, डिशचं तोंड साधारण तिकडेच असतं.

रिचार्जचं म्हणाल तर पाचशे कशाला देताय, बहुतेक कुठला तरी जाडजूड पॅक कोणीतरी मारून ठेवलाय. २०१९ पासून हवे ते चॅनल सुटे घेता येतात. आई जे चार-पाच मराठी चॅनल बघते ते सुटे घ्या, हिंदी सिनेमाचे आणि लहान मुलांचे काढून टाका, बिल बऱ्यापैकी खाली येईल. डीडी फ्री डिश पण लोक सुचवतील, महिन्याला शून्य रुपये, आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या मॅच डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, ज्या २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे खाजगी डिशवर डीडीच्या चॅनलला दिसत नाहीत. बाबांना क्रिकेट आणि बातम्याच हव्या असतील तर उत्तम. पण स्टार प्रवाह आणि झी मराठी त्यावर नाहीत, म्हणून आईच्या टीव्हीला फ्री डिश लावून तिची सिरीयल काढून घेऊ नका.

मग नेट कशाला घ्यायचं? यूट्यूबसाठी. खरंच सांगतो, आमच्याकडची म्हातारी माणसं ओटीटीवर फार काही बघत नाहीत पण डबलबारी भजनं, दशावतार, नमन, शेजारच्या गावच्या पालखीचं लाईव्ह हे सगळं यूट्यूबवर तासन्‌तास बघतात, आणि नातवंडांचा व्हिडिओ कॉल मोठ्या स्क्रीनवर लावून दिला की विचारूच नका. बाबांच्या मोबाईलचा दिवसाचा दीड-दोन जीबी टीव्हीला दोन तास पण पुरत नाही, त्यासाठी घरात वायफाय हवंच.

टीव्ही ४३ इंच पुरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ३२ आणि त्याखालच्यांना आधीपासूनच १८ होता, त्यामुळे "जीएसटी कमी झाला" म्हणून ३२ वर कोणी सूट सांगत असेल तर तिचा जीएसटीशी संबंध नाही. ऑनलाईनपेक्षा चिपळूण किंवा गुहागरच्या दुकानातून घ्या, दोन हजार जास्त गेले तरी पॅनलला काही झालं तर दुकानदाराकडे जाता येतं. स्टॅबिलायझर लावा, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आणि घर बंद असेल तर गावातल्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा तासभर लावायला सांगा, दमटपणा बोर्डाला मारतो.

आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन ठेवा, सेलवाला. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, टॉवरही आडवे, तेव्हा फायबर, डिश, ५जी काहीच कामाचं नव्हतं. रत्नागिरी आकाशवाणी लावून बातम्या ऐकायचो.

आता तुम्ही तीन गोष्टी इथे लिहा: टॉवर घरातून दिसतो का, केबलवाला कुठल्या गावचा, आणि आई नेमके कुठले चॅनल बघते. एलएनबीचा फोटो पण टाका, कनेक्टर दिसेल असा. मग सुट्या चॅनलची यादी मी करून देतो.