तीस गुंठ्यांत म्हशी, शेळ्या, कोंबड्या : आधी वैरण मोज

पत्र थोडक्यात : मी गारगोटीजवळच्या एका गावात राहते. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची ३० गुंठे जमीन. १८ गुंठे ऊस, ८ गुंठे भात, बाकी घर आणि गोठा. दोन म्हशी आहेत, त्या आई बघते. दादा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. मला कर्ज काढून आणखी ३ म्हशी, २० शेळ्या आणि ५०० गावरान कोंबड्या घ्यायच्या आहेत. बाबा म्हणतात, शेणच काढायचं होतं तर कॉलेजला कशाला घातलं? बँकेच्या परीक्षा दे. मी काय करू? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

बाबांच्या प्रश्नाचा राग मानू नकोस. तुझी आई इतकी वर्षं राबते आणि त्या कामाला घरात कुणी धंदा म्हटलेलं नाही. लेकीच्या वाट्याला तेच येईल ही त्यांची भीती आहे. तिला उत्तर हिशेबाने द्यावं लागेल, आणि हिशेब तर तू तीन वर्षं शिकलीस.

सुरुवात वैरणीपासून कर. मोठ्या म्हशीला दिवसाला साधारण २० किलो हिरवी वैरण लागते, शेळीला ३ ते ४ किलो. ५ म्हशींचे १०० किलो आणि २० शेळ्यांचे ७० किलो, मिळून १७० किलो रोज. वर्षाला ६० टनांच्या वर. संकरित नेपिअरला शेणखत आणि पाणी वेळेवर मिळालं तर गुंठ्याला वर्षाकाठी दीड-दोन टन वैरण निघते. म्हणजे तुझ्या बेतासाठी ३० ते ४० गुंठे नुसती वैरणच लावावी लागेल. तुमची सगळी जमीन, घर-गोठा धरून, ३० गुंठे आहे. बाहेरून वैरण विकत घेऊन डेअरीला दूध घातलं तर बिलातला पैसा वैरणवाल्याकडे जातो, आणि उन्हाळ्यात तर वैरणीचे दर पुसूच नकोस.

या जमिनीवर मला बसतं ते असं : आहेत त्याच दोन म्हशी, चार-पाच शेळ्या आणि पन्नासभर कोंबड्या. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून आलेलं पीक) निघाला की उसातले ८ गुंठे वैरणीला काढ. एकरी ४० टन उतारा धरला तर या ८ गुंठ्यांतून ८ टन ऊस जाईल, टनाला कारखान्याचा चालू दर धरून बाबांना तो तोटा आधीच कागदावर दाखव. त्यातल्या ६ गुंठ्यांत फुले जयवंतसारखं नेपिअर आणि दोनात मका लाव, बांधावर शेवरी आणि हादगा. शेळ्यांना पाला लागतोच. हंगामात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळेल, पावसाळ्यात बांधाचं गवत आहे, भाताचं पिंजर (पेंढा) आहे. पहिली खरेदी कडबाकुट्टीची कर. अख्खी वैरण टाकली की जनावर पाला खातं आणि दांडा पायाखाली जातो.

वाड्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च गोठ्यात दुसरं काही दिसतच नाही. वाड्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते जनावराच्या अंगी लागत नाही. मग म्हैस माजावर वेळेवर येत नाही, व्याल्यावर बसून राहते, आणि आपण म्हणतो नजर लागली. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीतून द्यायचं आणि वाड्याबरोबर दुसरी हिरवी वैरणही ठेवायची.

दुसरी गोष्ट भाताच्या खाचराची. पाणी साचतं तिथे गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून यकृतातल्या कृमीची बाधा गवतावर येते. पावसाळा सरता सरता शेळीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसली, अंग उतरलं, डोळ्याच्या आतली बाजू पांढरट झाली, तर औषधाला उशीर करू नकोस. खाचरातलं गवत पाण्याच्या वरचं कापायचं आणि वाळवून घालायचं.

म्हणूनच शेळ्या निवडताना जपून राहा. उस्मानाबादी चांगली, जुळी देणारी, पण ती कोरड्या मुलखातली आहे. तुमच्या भुदरगड तालुक्यातल्या पावसात खूर सडतात, खोकला लागतो. आपल्याच भागात एक पावसाळा काढलेल्या पाटी (न व्यालेल्या तरुण शेळ्या) घे आणि जमिनीपासून उंच लाकडी माचाण कर, म्हणजे लेंड्या-मूत खाली पडून अंग कोरडं राहतं. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या रोगांची लस पावसाच्या आधी झाली पाहिजे. शेळी पाच महिन्यांनी विते आणि करडू विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-दहा महिने जातात. म्हणजे पहिला पैसा यायला वर्ष उलटून जातं, तोवर घर दुधावरच चालतं. कोल्हापुरात मटणाला गिऱ्हाईक कमी नाही, बकरी ईदला बोकडाला भाव येतो, पण तोपर्यंत थांबायची ताकद हवी.

कोंबड्यांचं थोडक्यात : ५०० चा विचार सोड. कोल्हापुरात शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे पिलांची चौकशी कर. पिलं दिवाळीनंतर आण, भर पावसात ऊब राखणं नवख्याला जड जातं. पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेत रोगाची लस), दुसऱ्यात गंबोरोची लस. खुराडं शेळ्यांपासून लांब ठेव. कोंबडीचं खाद्य शेळीच्या तोंडाला लागलं की ती ढोसून खाते आणि पोट बिघडून दगावतेसुद्धा.

खरा पैसा म्हशीत आहे आणि तो बहुतेक घरांत नोंद नसल्यामुळे जातो. म्हैस दहा महिने गाभण असते, माज दर २१ दिवसांनी येतो. उन्हाळ्यात तो मुका असतो, ओरडत नाही, पहाटे बारीक लक्ष ठेवलं तरच कळतो. एक माज चुकला की २१ दिवसांचा खुराक फुकट. दोन वितांमध्ये १४ महिने जातात की १८, यावर गोठा नफ्यात की तोट्यात ते ठरतं. दोन्ही म्हशी एकाच वेळी आटू नयेत अशी त्यांना गाभण करण्याची आखणी कर. खुराक म्हणजे पेंड मापाने दे : शरीराला एक किलो, वर दर लिटरला अर्धा किलो. ८ लिटर देणाऱ्या म्हशीला ५ किलो. आई अंदाजाने घालत असेल, आणि तिचा अंदाज बऱ्याचदा बरोबरही असेल, म्हणून तिला विचारत विचारतच वही लिही. रोजचं दूध, फॅट, पेंड, औषध, माजाची तारीख. दूध संस्थेची सभासद कोण आहे ते बघ. आईचं नाव नसेल तर घाल, बिल तिच्या खात्यावर येऊ दे. तुझं पुढे लग्न होऊन तू दुसऱ्या गावी गेलीस तरी तिचा धंदा मोडणार नाही आणि तुझं शिकणं तुझ्याबरोबर येईल.

आता बँकेच्या परीक्षा. द्यायच्या तर दे, पण तुझ्यासाठी मला दुसरी वाट जास्त जवळची वाटते. सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. परीक्षा असते, पदवीधराला देता येते. आपल्या जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था, सेवा संस्था, पतसंस्था आहेत. त्यांना हिशेब लिहिणारी, लेखापरीक्षण कळणारी माणसं लागतात. दूध संस्थेच्या सचिवाला दुधाचं फॅट मोजण्यापासून दहा दिवसांच्या बिलापर्यंत सगळं यावं लागतं. सकाळ-संध्याकाळ गोठा आणि दिवसा संस्थेचं काम, हे गावात राहून जमण्यासारखं आहे. बाबांनाही पगार दिसेल.

प्रशिक्षणासाठी कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी कर. शेळ्यांसाठी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, एकदा जाऊन ये. तिथली माणसं दिवसभर काय करतात ते बघ. व्हिडिओत गोठा नेहमी धुतलेला असतो.

कर्ज आत्ता नको. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं शेळीचं अनुदान १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून सुरू होतं, ते तुझ्यासाठी नाही. राज्याची १० शेळ्या १ बोकड किंवा दुधाळ जनावरांची योजना आहे, अर्ज जरूर कर, पण मिळेल असं धरून खर्च मांडू नकोस. खेळत्या भांडवलासाठी पशुपालनालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, ते पुढच्या वर्षी. वैरणीचे ८ गुंठे उभे राहू देत, वही सहा महिने भरू दे, मग तिसऱ्या म्हशीला जागा आहे का ते वहीच दाखवेल. वहीची पानं मला पाठव, आकडे सोबत बसून बघू. बाबांनाही त्या वेळी शेजारी बसव.