शटल, धोटा आणि प्रचोदयात्

सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाचकांनी विचारले आहे : "माझे वडील यंत्रमागावर होते. ते घरी 'धोटा' म्हणत आणि कारखान्यात 'शटल' म्हणत. आता माझी नात बॅडमिंटनच्या फुलाला शटल म्हणते, मुलाला न्यायला येणारी कंपनीची बस शटल आहे आणि अवकाशात जाणारे यानही शटलच होते. हा सगळा एकच शब्द आहे का? त्याला चांगला मराठी शब्द कोणता?"

शब्द एकच आहे, आणि तो तुमच्या वडिलांच्या मागावरचाच आहे. धोटा म्हणजे कापड विणताना उभ्या धाग्यांमधून आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन. बाकीचे सगळे अर्थ त्या मागावरून उठून बाहेर पडलेले आहेत. हे ठासून सांगावे लागते, कारण 'शटल' म्हणजे 'छोटी, झटपट जाणारी गाडी' असा समज आता सगळीकडे रूढ होत चालला आहे. गेल्या लग्नसराईत आमच्याकडे आलेल्या एका पत्रिकेत 'रेल्वे स्थानकापासून कार्यालयापर्यंत शटलची सोय' असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात सकाळी एक गाडी आली, पाहुण्यांना उतरवून निघून गेली, आणि रात्री परतणारी मंडळी पिशव्या सांभाळत होटगी रस्त्यावर रिक्षा शोधत उभी राहिली. जी गाडी एकदाच जाते, तिच्या त्या जाण्याला मराठीत 'खेप' म्हणतात. शटलला दोन टोके लागतात आणि त्या दोन टोकांमधले अखंड जाणे-येणे लागते. ते नसेल तर गाडी कितीही वेगाने धावो, ती शटल नव्हे. 1611 च्या इंग्रजी बायबलात ईयोब आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने सरत असल्याचे म्हणतो, आणि त्यामुळे वेगाची छटा या शब्दाला जुनीच आहे हे मला मान्य आहे. परंतु वेग हा धोट्याचा गुण आहे, व्याख्या नव्हे.

उघड अर्थ भराभर सांगून टाकतो. एकाच मार्गावर ये-जा करणाऱ्या आगगाडीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव मिळाले, मग ते बसला आणि विमानाला लागले. बॅडमिंटनचे फूल जाळीच्या या बाजूकडून त्या बाजूकडे धोट्यासारखेच फिरते, म्हणून तेही शटल झाले. त्याच्या पूर्ण इंग्रजी नावात पुढे 'कॉक' म्हणजे कोंबडा येतो तो पिसांमुळे. अमेरिकेचे 'कोलंबिया' हे यान 12 एप्रिल 1981 रोजी प्रथम उडाले आणि 'अटलांटिस' जुलै 2011 मध्ये अखेरचे उतरले. परत येऊन पुन्हा जाणारे यान हीच त्या साऱ्या योजनेची कल्पना होती, म्हणून तिथे हा शब्द शंभर टक्के योग्य आहे. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर हेन्री किसिंजर यांनी एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत सतत ये-जा करून ज्या वाटाघाटी केल्या, त्यांनाही 'शटल डिप्लोमसी' म्हणतात ते याच कारणाने.

खरी गोडी याच्या मागे आहे. मागावर येण्यापूर्वी हा शब्द काय करत होता? जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'स्क्युटेल' असे होते, त्याचा उच्चार आजच्या 'श्युटेल'च्या जवळ जात असे, आणि त्याचा अर्थ होता बाण, भाला, फेकून मारायचे अस्त्र. त्याचाच उत्तरेकडील भाऊबंद 'स्कुटिल' म्हणजे मासे मारण्याचा भाला. क्रियापद 'शूट', म्हणजे सोडणे, फेकणे, नेम धरून मारणे. इंग्रज विणकराने ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या, धाग्यांमधून सपकन पार होणारे हे साधन पाहिले आणि त्याला बाणाचे नाव दिले. याच साधनाकडे पाहून फ्रेंच माणसाला नाव दिसली, म्हणून तो 'नाव्हेत' म्हणजे छोटी होडी म्हणतो, आणि जर्मन विणकरही त्याला छोटे जहाजच म्हणतो. आकार पाहिला तर होडी दिसते, हालचाल पाहिली तर बाण दिसतो. मला विचाराल तर इंग्रजांनी अधिक बारकाईने पाहिले.

हे पटत नसेल त्यांनी एकदा धोटा हातात घ्यावा. कठीण, गुळगुळीत लाकूड, मधोमध सुताची कांडी बसवायची पोकळी, धागा बाहेर काढायचे बारीक छिद्र, आणि दोन्ही टोकांना लोखंडी टोकदार टोपणे. मागच्या बाजूला पीस लावलेले नाही एवढाच काय तो बाणाशी फरक, आणि तोही का, तर याला दोन्ही दिशांनी सुटायचे असते. माग बिघडला की धोटा आपली वाट सोडून बाहेर उडतो, आणि समोर कोणी उभा असेल तर त्याला जबर मार बसतो. ज्या घरांतली माणसे मागावर राबली आहेत, त्या घरांत 'शटल उडाले' या दोन शब्दांतली धास्ती समजावून सांगावी लागत नाही. हजार वर्षांपूर्वीचा अस्त्राचा अर्थ त्या एका क्षणी पुन्हा जिवंत होतो.

इथे जॉन के यांचा उल्लेख केलाच पाहिजे. लँकाशायरमधील बरी या गावच्या या माणसाने 1733 मध्ये जे पेटंट घेतले, त्यामुळे विणकराला हाताने धोटा इकडून तिकडे द्यावा लागेना. दोरीला हिसडा दिला की तो आपोआप पार जाऊ लागला, आणि रुंद कापडासाठी दुसरा माणूस लागेनासा झाला. इंग्रजीत त्याला 'उडता धोटा' म्हणतात, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र 'धावता धोटा' असे छापलेले असते, आणि हे भाषांतर चुकीचे आहे अशी टीका मी अनेकदा ऐकली आहे. टीका करणाऱ्यांनी के यांच्या मूळ धोट्याची रचना पाहिलेली नाही. त्याला खाली लहान चाके होती आणि तो एका फळीवरून अक्षरशः धावत जाई. 'धावता' हा शब्द ज्यांनी योजला, त्यांना इंग्रजी नावापेक्षा ती वस्तू अधिक चांगली कळली होती.

आता या बाणाचे गोत्र पाहा, कारण त्यात सोलापूरच्या बाजारपेठेतला अर्धा माल सापडतो. दुकानाचे 'शटर' ज्या 'शट' या क्रियापदावरून आले, त्याचा मूळ अर्थ अडसर सरकवून दार लावणे असा आहे. अडसरही एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूच्या खाचेत जाऊन बसतो. 'बेडशीट'मधले 'शीट' हे त्याच कुळातले आहे. जुन्या रूपात त्या कुळाचा अर्थ कापडाचा बाहेर आलेला कोपरा, घोळ, आपण ज्याला सोगा किंवा पदर म्हणतो तो असा होता, आणि पुढे सगळ्या कापडालाच ते नाव पडले. (सोलापुरी चादरीला 'बेडशीट' म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ती पांघरायची वस्तू आहे. तिला 'चादर' हा फारसीतून आलेला, पांघरण्याचाच अर्थ असलेला शब्द पुरेसा आहे, आणि भौगोलिक मानांकनही तिला याच नावाने मिळाले आहे.) ज्या रेशमात ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असतो, त्या धूपछाव कापडाला इंग्रजीत 'शॉट सिल्क' म्हणतात. त्यातला 'शॉट' हाच, म्हणजे ताण्यातून धोट्याने मारलेला आडवा धागा. शिक्षेवाचून सुटलेल्याला 'स्कॉट-फ्री' म्हणतात, त्याचाही स्कॉटलंडशी काही संबंध नाही. तो 'स्कॉट' म्हणजे सर्वांनी मिळून टाकायची रक्कम, आपल्या भाषेत वर्गणी किंवा पट्टी, आणि ती 'टाकायची' असते म्हणून तोही याच फेकण्याच्या धातूकडे, म्हणजे मूळ क्रियारूपाकडे, जातो.

आणि आता ज्या व्युत्पत्तीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, ती सांगतो. या सर्व शब्दांच्या मुळाशी फेकणे, पुढे ढकलणे, वेगाने जाणे या अर्थाचा एक प्राचीन भारोपीय धातू, म्हणजे भारतीय आणि युरोपीय भाषांच्या समाईक पूर्वज भाषेतला धातू, मानला जातो. त्याचा संस्कृतातील वंशज म्हणून धातुपाठातील, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतील, 'स्कुन्दते' बहुतेक ठिकाणी दिला जातो, आणि अनेकजण तिथेच थांबतात. परंतु ज्यूलियस पोकोर्नी यांनी 1959 च्या आपल्या भारोपीय कोशात त्याच्या शेजारी 'चोदति, चोदयति' हीसुद्धा रूपे मांडली आहेत, म्हणजे प्रेरणे, पुढे लोटणे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील 'धियो यो नः प्रचोदयात्' मधले 'प्रचोदयात्' ते हेच. जो आमच्या बुद्धीला पुढे लोटो, असा त्याचा अर्थ, आणि तो लोटणारा तेथे सविता आहे. मला ही जोडणी पूर्णपणे पटते.

ध्वनी तपासून पाहावेत. भारोपीय 'क' पुढच्या 'ए'मुळे संस्कृतात 'च' होतो आणि 'एउ'चा 'ओ' होतो, हे नियमाला धरून आहे. मूळचा 'द' इंग्रजीत 'ट' होतो : दश आणि टेन, दंत आणि टूथ, पद आणि फूट. आरंभीचा 'स्' एका भाषेत राहतो आणि दुसरीत गळतो : इंग्रजीत स्टार, आपल्याकडे तारा, खुद्द संस्कृतातच 'स्पश' म्हणजे हेर आणि 'पश्यति' म्हणजे पाहतो. मूळच्या 'स्क'चा इंग्रजीत 'श' होतो, हे शर्ट आणि स्कर्ट या जुळ्या शब्दांवरून कोणालाही दिसेल. एकही कडी ओढूनताणून जोडावी लागत नाही. 'स्कुन्दते'पाशी थांबणारे अभ्यासक धातुपाठात नोंदलेला, वाङ्मयात क्वचितच भेटणारा शब्द स्वीकारतात आणि वेदात जिवंतपणे वावरणारा शब्द बाजूला ठेवतात. या सावधपणाचे कारण मला कळत नाही.

याच्या उलट दुसऱ्या टोकाला जे आहेत, त्यांच्याशी माझे अधिक मोठे भांडण आहे. सोलापुरातच एका व्याख्यानात वक्त्यांनी 'शटल हा शब्द संस्कृत चटुलवरून आला' असे सांगितले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. चटुल म्हणजे चंचल. अर्थ जवळचा वाटतो, आवाज जवळचा वाटतो, आणि एवढ्यावर व्युत्पत्ती उरकली जाते. इंग्रजी शब्दाच्या जुन्या रूपात 'स्क' आहे, तो 'चटुल'मधून कोठून येणार, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. शिवाय 'शटल' आणि 'प्रचोदयात्' यांच्यात आई-मुलीचे नाते नाही. त्या एका आजीच्या दोन नाती आहेत, दूरदेशी वाढलेल्या, आणि चेहरा बदललेल्या. ज्यांना केवळ आईपणाचा मान हवा असतो, त्यांच्या हातून हे खरे आणि कितीतरी सुंदर नाते निसटते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल : मागावर 'धोटा' आहेच, आणि तोच टिकवावा. खेळातल्या पिसांच्या शटलला 'फूल' हा शब्द इतका गोड रुळला आहे की तिथे ढवळाढवळ नको. गाडीसाठी मी 'येरझार बस' म्हणेन. 'ये' आणि 'जा' ही दोन्ही क्रियापदे ज्या शब्दाच्या पोटात आहेत, असा दुसरा शब्द गाडीवर रंगवायला मिळणार नाही, आणि जी गाडी परत यायची नाही तिच्यावर तो रंगवताही येणार नाही. तुमच्या वडिलांचा धोटा घरात कोठे माळ्यावर राहिला असेल, तर तो नातीच्या हातात द्या आणि त्याची दोन्ही टोके तिला बोटाने चाचपू द्या.