भयपटातल्या म्हातारीची भूमिका घ्यावी का?

वय वाढल्यावर वाट्याला येणारे काम कमीपणाचे वाटत असेल तर ते स्वीकारावे की नाही, हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात अनेकींनी आडवळणाने विचारला आहे. तो सर्वांत स्पष्टपणे विचारला एका ५७ वर्षांच्या अभिनेत्रीने. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एके काळी नायिका असलेल्या या बाईंना दोन वर्षे काम नव्हते आणि आता एका भयपटात ओसाड बंगल्यात राहणाऱ्या वेडसर म्हातारीची भूमिका आली होती. भूमिका बरी की वाईट, यावर त्या बोलतच नव्हत्या. “मॅडम, आजवर लोक मला बघायला यायचे. आता मला बघून दचकायला येणार,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि तीन आठवडे त्यांना नीट झोप लागलेली नव्हती.

अशा वेळी ‘तुम्ही अजूनही सुंदर दिसता’ असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळते, कारण त्यामुळे माणसाची किंमत पुन्हा चेहऱ्यालाच बांधली जाते. शिवाय त्यांची भीती निराधार नव्हती. ‘व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ या १९६२ च्या चित्रपटाला यश मिळाल्यावर हॉलिवूडमध्ये उतारवयातल्या तारकांना भयपटांत घेण्याची लाटच आली, आणि अशा चित्रपटांना पुढे जे नाव पडले त्यातच ‘हॅग’, म्हणजे थेरडी, हा शब्द आहे. हा अपमान नाहीच, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

त्या चित्रपटात जेन झालेल्या बेटी डेव्हिसचे नाव त्यांनीच काढले. दोन ऑस्कर मिळवलेल्या या अभिनेत्रीने त्याच वर्षी ‘व्हरायटी’ या चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकात ‘काम हवे आहे’ अशी जाहिरात दिली होती. ती थट्टा होती असे तिने नंतर सांगितले, तरी त्या थट्टेतला कडवटपणा लपत नाही. मला मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. जेन तोंड धूत नसेल, रोज जुन्या पावडरीवर नवा थर चढवत असेल, असा विचार करून डेव्हिसने तो पांढराफटक चेहरा स्वतः ठरवला होता. ती कुरूप दिसली, पण ते तिचे काम होते. तिच्यावर लादलेली शिक्षा नव्हती. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले.

मी बाईंना संहिता दोन प्रश्न मनात ठेवून वाचायला सांगितली: या म्हातारीला नक्की काय हवे आहे, आणि ती भयानक वाटण्याला तिच्या सुरकुत्यांखेरीज दुसरे काही कारण आहे का? पुढच्या भेटीत त्या संतापून आल्या. नऊ प्रसंगांपैकी सात प्रसंगांत त्यांनी फक्त अंधारातून तोंड वळवायचे होते. मला तो संताप आवडला, कारण तोपर्यंत त्यांना केवळ स्वतःची लाज वाटत होती आणि आता त्या एका लेखनावर रागावल्या होत्या.

पैशांची गरज होती, हेही त्यांनी त्याच दिवशी कबूल केले. गरजेपोटी काम घेण्यात कमीपणा नाही. त्रास होतो तो गरज लपवून त्याला कलेची हौस म्हणण्याचा.

दिग्दर्शकाशी काय बोलायचे, याची आम्ही दोन बैठकांत तालीम केली. म्हातारी दार का उघडत नाही, हे सांगणारा एक प्रसंग त्यांनी मागितला आणि रंगभूषेत स्वतःचे मत चालावे अशी अट घातली. प्रसंग मिळाला, पण बाकीची संहिता बदलली नाही. भूमिका घ्या किंवा सोडा, असे मी शेवटपर्यंत सांगितले नाही. निर्णय होण्याआधीच त्यांना झोप लागू लागली होती.

त्यांनी होकार दिला. शेवटच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर रंगभूषेच्या चाचणीचा फोटो दाखवला. मी खरोखरच दचकले. “भुवया माझ्या हातच्या आहेत,” त्या म्हणाल्या, “पण डावी अजून वाकडी हवी होती.”