फरशी गरम का लागते?

प्रश्न : आमचं घर खानापूर तालुक्यात आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या तीन-चार शहाबादी फरश्या महिनाभर कोमट लागतात. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, त्याचं पाणीही हल्ली पहाटे जेमतेम ऊन येतं. मामंजी सकाळचा चहा घेऊन त्याच फरशीवर बसतात, उठायचं नाव नाही. शेजारच्या काकू म्हणतात, जागेचं काहीतरी आहे, कोहळा बांधा. गवंडी म्हणतो, फोडून बघू. काय करावं?

उत्तर : ताई, कोहळा बांधायचा तर बांधा, पण गवंड्याला जरा थांबवा.

आधी विजेची शंका फेडून घ्या. फरशीखालून पंपाची वायर गेली असेल तर तीही तापते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच पाडून थेट वायरमनला बोलवा, पुढचं काही करत बसू नका. तसं काही नसेल तर रात्री चार-पाच तास मेन स्विच बंद ठेवा. तरीही फरशी गरमच राहिली, तर ते पाण्याचं काम.

मग स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ सोडून बघा. त्याला सुरुवातीला कोमट पाणी आलं, तर न्हाणीघरात गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या टोकाला बंद करायची सवय कुणाला तरी आहे. मग गरम पाणी मिक्सरमधून गार लाइनीत शिरतं. पण तशी ऊब वापर झाल्यावर येते आणि जाते. तुमची महिनाभर हटत नाही, म्हणून मला गळतीच वाटते.

खात्री अशी करा. सोलरच्या टाकीतून गरम पाणी खाली आणणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह असतो, तो रात्री बंद करा. वर उघडी सोडलेली हवेची नळी मात्र कधीही बुजवू नका. सकाळी फरशी गार आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी कढत, म्हणजे चोर सापडला.

माझी लेक जर्मनीत असते. तिच्या घरी फरशीखाली मुद्दाम नळ्या घालून ३५-४० अंशांचं पाणी फिरवतात. फरक इतकाच, की ते फिरून परत बॉयलरकडे जातं, तुमचं मुरुमात मुरतंय.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. शहापुरात आमच्याच घरी भिंतीच्या बुडाला ओल दिसली, तिथं मी सहा फरश्या फोडल्या. खाली कोरडं! पाणी उतारानं वाहून भिंतीशी गेलेलं, सांधा सुटलेला होता तो हातभर अलीकडे, जिथं पायाला चटका लागत होता तिथंच. मिस्त्रीनं शेवटचा तुकडा साध्या पीव्हीसीचा जोडला होता. सोलरचं पाणी उन्हाळ्यात ६०-७० अंशांवर जातं, साधा पीव्हीसी त्यात नरम पडतो. गरम लाइनीला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा पाइपच हवा, सांधे चिकटवायचं सोल्यूशनही त्याचंच.

माझं ऐकाल तर फोडूच नका. जुनी लाइन वरूनच बूच मारून जमिनीत राहू द्या आणि नवी सीपीव्हीसी बाहेरच्या भिंतीवरून घ्या, वर फोमची नळी चढवा. फोम चढवण्याआधी एक रात्र लाइन भरून ठेवून प्रत्येक सांध्यावरून हात फिरवा. आमच्या मिस्त्रीला तेवढी रात्रसुद्धा थांबवलं नव्हतं.