घरात दोन पीएस५ आणि एक एक्सबॉक्स आहे. एक सुरू केला की दुसऱ्याचं नॅट स्ट्रिक्ट होतं, म्हणजे त्याची बाहेरच्या खेळाडूंशी जोडणी अडते. ऑपरेटर म्हणतो प्लॅन वाढवा, दुकानदार म्हणतो गेमिंग राऊटर घ्या. काय करू? (सोलापूर)

दोन्ही करू नका. निदान खालचं सगळं तपासून होईपर्यंत तरी पाकीट बाहेर काढू नका.

तुम्हीच लिहिलंय की १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, स्पीड टेस्टला नव्वदच्या पुढे येतो, एकटा कन्सोल लावला तर सगळं सुरळीत चालतं, आणि दुसरा लावला की पार्टी चॅटमध्ये आवाज जात नाही, लॉबीतून बाहेर फेकतो. यात स्पीडचा संबंध आला कुठे? मॅच सुरू असताना एक कन्सोल सहसा एमबीपीएसभरही वापरत नाही. पण आपल्याकडे कुठलीही तक्रार करा, उत्तर ठरलेलं: "प्लॅन वाढवा साहेब." पिंग (सिग्नल जाऊन यायचा वेळ) वाढला, प्लॅन वाढवा. वरच्या मजल्यावर रेंज नाही, प्लॅन वाढवा. या एका वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

तुमच्याकडे काय होतंय ते आधी बघा. घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या जगात पत्ता एकच असतो. बाहेरून आलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) कुणाचं हे राऊटर पोर्ट नंबरवरून, म्हणजे दाराच्या क्रमांकावरून, ठरवतो. यालाच नॅट म्हणतात. आणि बाहेरचा एक पोर्ट एका वेळी एकाच उपकरणाच्या नावावर लागतो. एक्सबॉक्स ३०७४ मागतो. कॉल ऑफ ड्यूटी तर पीएस५वरसुद्धा ३०७४च मागतो. पहिला आला, त्यानं पोर्ट घेतला. दुसरा आला की राऊटरनं त्याला "हा भरलाय" असं सांगायचं, म्हणजे तो दुसरा पोर्ट मागतो. ही देवाणघेवाण यूपीएनपी करतं, म्हणजे राऊटरमधली पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय. ते बंद असेल, अर्धवट असेल किंवा चुकीच्या डब्यावर सुरू असेल, तर दुसरा कन्सोल स्ट्रिक्ट होतो. नॅट ओपन (मोकळं), मॉडरेट (मधलं) किंवा स्ट्रिक्ट (अडलेलं) असतं. स्ट्रिक्टवाल्याचं फक्त ओपनवाल्याशी जमतं, मॉडरेटवाल्याशीसुद्धा नाही. म्हणून मित्रांपैकी एकाचा आवाज येतो, दुसऱ्याचा येत नाही.

जुळे सोलापुरातल्या एका घराचं सांगतो, कारण तुमचंही बहुतेक तेच निघेल. दोघे भाऊ, दोघांना एकेक पीएस५, आणि हॉलमध्ये चुलत भावाचा एक्सबॉक्स. टीव्हीच्या मागे ऑपरेटरचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी. त्याच्या लॅन पोर्टातून (घरातल्या वायरीच्या खाचेतून) निघालेली वायर सहा अँटेनाच्या महागड्या राऊटरला. प्लॅन १००चा ३०० करून झालेला, तक्रार जागच्या जागी. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १९२.१६८.१.५. हा घरातल्या घरातला पत्ता, म्हणजे राऊटरच्या पुढे अजून एक राऊटर बसलाय आणि नॅट दोनदा होतंय. एक पीएस५ ओएनटीच्या वायफायवर, दुसरा वरच्या मजल्यावरून वायरनं नव्या राऊटरला, एक्सबॉक्सही वायरनं राऊटरला. राऊटर यूपीएनपीनं पोर्ट उघडायचा, पण तो उघडायचा ओएनटीच्या दिशेनं. ओएनटीला त्याची खबरच नाही.

त्यात कुणीतरी व्हिडिओ बघून डोकं चालवलेलं. ३०७४ हाताने फॉरवर्ड केलेला (कायमचा वळवलेला) १९२.१६८.०.१०४ला, आणि एका पीएस५ला डीएमझेडमध्ये (बाकी सगळे पोर्ट त्याच्याकडेच) टाकलेलं. आता १०४ हा पत्ता त्या दिवशी कन्सोलचा होता. डीएचसीपीनं (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीनं) मधल्या काळात तो टीव्हीला देऊन टाकला होता. सगळ्या घराचा ३०७४ टीव्हीकडे वळवलेला, आणि पोरं एकमेकांना "तू बंद कर बे, माझं लागंना" म्हणत बसलेली.

पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएमझेड हे एकाच कन्सोलच्या घरासाठी ठीक आहे. दोन झाले की ते बाद. नियम एकाच पत्त्याला लागतो, दुसऱ्याचा रस्ता तुम्हीच हाताने बंद करता. वर यूपीएनपीही चालू ठेवलं तर सहसा हाताचा नियम जिंकतो, आणि कन्सोल खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. आधी हे सगळे नियम पुसा.

मग नॅट एकाच ठिकाणी आणा. चांगला मार्ग ब्रिज मोडचा, म्हणजे ओएनटीनं नॅट न करता सिग्नल नुसता पुढे द्यायचा. ऑपरेटरला फोन करून "ओएनटी ब्रिजला टाका, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी द्या" एवढंच म्हणा. 'गेम चालत नाही' म्हणालात की पुन्हा प्लॅनवर येतील. पीपीपीओई म्हणजे ऑपरेटरकडे लॉगिन करायची पद्धत, व्हीलॅन आयडी म्हणजे त्याच्या लाईनचा क्रमांक. ही माहिती स्वतःच्या राऊटरच्या वॅन पानावर भरायची. पीपीपीओई असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२. काही ठिकाणी कनेक्शन जुन्या डब्याच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असतं, तेव्हा लॉगिन होत नाही. तो ऑपरेटरकडून मोकळा करून घ्या किंवा राऊटरमधल्या मॅक क्लोननं, म्हणजे जुन्या डब्याचा मॅक पत्ता राऊटरला देऊन, भागवा. त्या घरी "ब्रिज केलं तर वॉरंटी जाते" असं सांगण्यात आलं होतं. ब्रिज ही त्या डब्याच्याच मेनूतली सेटिंग आहे. मेनूतलं बटण दाबून वॉरंटी कशी जाते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

ब्रिज देतच नसतील तर उलटं करा. तुमचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका, म्हणजे तो नॅट न करता नुसतं वायफाय देईल. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला ओएनटीच्या पट्ट्यातला मोकळा पत्ता द्या, आणि ओएनटीतून येणारी वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. खर्च शून्य. मात्र मग सगळी भिस्त ओएनटीच्या यूपीएनपीवर, आणि स्वस्त ओएनटीत ते नावालाच असतं.

आता यूपीएनपी चालू करा, आणि जो डबा नॅट करतोय त्याच्यावरच. आधीच चालू दिसत असेल तर बंद करून सेव्ह, रीबूट, मग परत चालू. जुन्या नोंदी जातात. तिन्ही कन्सोल पूर्ण बंद करा. पीएस५चा रेस्ट मोड चालणार नाही; एक्सबॉक्सचं पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा. राऊटर पूर्ण उठू द्या, मग कन्सोल एकेक करून लावा, गेम उघडा आणि राऊटरमधला यूपीएनपीचा तक्ता बघा. प्रत्येक कन्सोलच्या पत्त्यासमोर वेगवेगळा बाहेरचा पोर्ट दिसला पाहिजे. दोघांसमोर एकच पोर्ट, किंवा दुसऱ्याची नोंदच नाही, असं दिसलं तर तुमच्या राऊटरचं यूपीएनपी कच्चं आहे. तेव्हा आधी फर्मवेअर (राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. तरीही तेच राहिलं तरच राऊटर बदलायचा, आणि तेव्हा अँटेना मोजू नका. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) बसेल असा साधा राऊटरसुद्धा चालतो.

एक्सबॉक्सला स्वतःचा एक उपाय आहे. जनरल, नेटवर्क सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे अल्टरनेट पोर्ट सिलेक्शन. मॅन्युअल करून यादीतला दुसरा पोर्ट निवडा, म्हणजे ३०७४ची ओढाताण एकानं कमी झाली. पीएस५वर नॅट टाइप २ दिसला की विषय संपला. टाइप १च्या मागे लागू नका, तो थेट जोडणीसाठी असतो, राऊटरमागे २च योग्य. एक्सबॉक्सवर ओपन दिसला पाहिजे.

हे सगळं करूनही काही हललं नाही तर वॅनचा पत्ता परत बघा. तो १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या पट्ट्यात असेल, किंवा १० नं सुरू होत असेल, किंवा पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर वेगळाच येत असेल, तर ऑपरेटर स्वतः पुढे नॅट करतोय. याला सीजीनॅट म्हणतात. खरं तर हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण अशा वेळी घरातली कुठलीही सेटिंग पूर्ण इलाज करत नाही. मग दोनच गोष्टी: महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरून पब्लिक आयपी (फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता) घ्या, किंवा ऑपरेटर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देत असेल तर राऊटरमध्ये ते चालू करा. एक्सबॉक्स आयपीव्ही६ मिळालं की ते वापरतो, त्याचं बरंच सुधारतं. पीएस५साठी मात्र पब्लिक आयपीचाच आग्रह धरा. ३००च्या प्लॅनचे पैसे वाचवून ते इथे घातले तर वसूल होतील.

वायरिंगबद्दल थोडं. तिन्ही कन्सोल वायरवर आणा, पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरतो. स्विच पत्ते वाटत नाही, त्यामुळे नॅटचा घोळ वाढत नाही. वायर कॅट६ आणि पूर्ण तांब्याची मागा. नव्या पेठेत स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, दुमडली की तुटते. आणि क्रिम्पिंग करणाऱ्यावर, म्हणजे वायरीच्या टोकांना कनेक्टर बसवणाऱ्यावर, लक्ष ठेवा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: आठही तारा दोन्ही टोकांना याच क्रमानं. चारच तारा लावून मोकळे होणारे आहेत. गेम चालतो, पण वायरीचा स्पीड १०० एमबीपीएसवरच अडकतो. त्या घरात वरच्या मजल्याची वायर अशीच निघाली. ३००चा प्लॅन वरच्या भावापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

खेळताना मधेच पिंग उडतो ते मात्र वेगळं दुखणं. एक जण शंभर जीबीचा गेम उतरवत असतो आणि दुसऱ्याचा नेम चुकायला लागतो. राऊटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (स्पीड नीट वाटून देणारी सोय) असेल तर डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर डाउनलोड रात्री लावा. यालाही प्लॅन वाढवणं हे उत्तर नाही, कन्सोल मिळेल तेवढा सगळा स्पीड खातो.

यूपीएनपीला धोका आहेच: घरातलं कुठलंही उपकरण न विचारता पोर्ट उघडू शकतं. स्वस्त सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) त्याच नेटवर्कवर असेल तर त्याचं यूपीएनपी त्याच्या मेनूतून बंद करा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला.

आणि ऑपरेटरचा माणूस घरी आला तर त्याला स्पीड टेस्ट करू देऊ नका, आकडा दाखवून निघून जाईल. त्याच्यासमोर राऊटरचं वॅन पान उघडा, पत्त्यावर बोट ठेवा आणि विचारा, "हा पब्लिक आहे का?" नाही म्हणाला तर पब्लिक आयपीचा दर लेखी मागा. हो म्हणाला आणि पत्ता १००.६४च्या पट्ट्यातला असेल, तर त्याच्या वरच्या माणसाशी बोला.