गाडीची एक चावी हरवली. दुसरी नाक्यावरच्या चावीवाल्याकडून बनवली तर चालेल का?

दार उघडेल, पण गाडी बहुतेक सुरू होणार नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड गाडीला सांगते. कोड जुळला नाही की इंजिन बंदच. त्यामुळे नुसतं पातं कापून उपयोग नाही, चिप गाडीत नोंदवावी लागते.

रिमोटचं सर्किट वेगळं असतं. त्याचा सेल संपला तरी चावी फिरवून गाडी सुरू होते. सेल बदलायला शोरूमला जाऊ नका, घड्याळाच्या दुकानात मिळतो. जुन्यावरचा नंबर (बहुधा सीआर२०३२) दाखवा.

उरलेली चावी हातात असतानाच दुसरी करून घ्या. दोन्ही गेल्या तर काम महागतं आणि गाडी टो करावी लागू शकते. शोरूममध्ये आरसी आणि ओळखपत्र मागतात. ऑटो-चावीवाले स्वस्तात प्रोग्रॅमिंग करतात, पण ओळखीचा माणूस बघा आणि हरवलेल्या चावीचा कोड गाडीतून पुसायला सांगा. हे लोक विसरतात.

आणि पोलिसांत हरवल्याची नोंद कराच, ऑनलाइनही होते. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा हा कागद लागतो. पॉलिसीत चावीचं अ‍ॅड-ऑन असेल तर खर्चही मिळेल.