कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आखेनचं सामाईक स्वयंपाकघर

तू विचारलंस की ऑक्टोबरला जर्मनीला निघताना सोलापूरहून खायचं काय न्यावं, आणि तिथं आपलं जेवण कुणी आवडीनं खातं का, की खोलीत एकट्यानंच जेवायचं?

एकट्यानं जेवू नकोस. आखेन या जर्मन शहरात मी पहिले दोन महिने तेच केलं. मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर होतं, पण फोडणीचा वास कुणाला चालेल का या धास्तीनं आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या दार लावून खाल्ल्या. एका रविवारी (तिथं त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात, सगळे घरीच) धीर करून आमटीला फोडणी दिली, तर शेजारची इराणी मुलगी वासानं आली. तिनं आपल्या भाताची खालची खरपूस खरवड दिली, तहदीग म्हणतात तिला. मी आमटीत भाकरी चुरून दिली. तिथून रविवारचं जेवण सुरू झालं. इथिओपियाचा मित्र इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ पोळी, आणायचा. ती एका मोठ्या ताटात सगळ्यांनी हातानंच खायची, म्हणून माझा हातानं जेवायचा संकोच त्याच दिवशी गेला. ज्वारीत ग्लूटेन (गव्हातलं एक प्रथिन) नसतं, त्यामुळं सीलिॲकचा आजार असलेली, म्हणजे ग्लूटेन न चालणारी मैत्रीणही आपली भाकरी पोटभर खायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्याकडं पाहुण्याला विचारत नाहीत, आग्रहानं वाढतात. तिथं आधी विचार. मी भरली वांगी केली होती. त्यातलं शेंगदाण्याचं कूट दिसत नाही, आणि मी सांगितलं नाही. एका मित्राला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, त्याचे ओठ सुजले, श्वास लागला. त्याच्याकडं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन होतं म्हणून निभावलं. ते टोचून लगेच ११२ ला फोन केला, कारण इंजेक्शननंतरही दवाखान्यात न्यावंच लागतं. ती रात्र मी विसरत नाही. कूट, तीळ, डुकराचं मांस, दारू, जिलेटिन, प्रत्येकाला काय चालत नाही ते बोलावतानाच विचारून घे.

सामानात तूप, पेढे, खवा ठेवू नकोस. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही चालत नाही. शेंगाचटणी आणि काळा मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात ने. कडक भाकऱ्या कपड्यांमध्ये नको, चुरा होतो, पत्र्याच्या डब्यात घाल.

आणि एक सोलापुरी चादर, डबलची. आमच्या स्वयंपाकघरात खुर्च्या चार होत्या आणि रविवारी माणसं नऊ जमायची.